हवालदार साळवे आणि कर्जतचा बर्फ

मी नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या शाळेत भूगोल शिकवत असताना एकदा वर्गात पदरचं काहीतरी ठोकून दिलं, आणि ते पकडणारा माणूस नेमका खिडकीबाहेर चौकटीला रंधा मारत उभा होता.

सातवीचा वर्ग होता. ध्रुवाकडच्या प्रदेशातले लोक बर्फाच्या घरात कुडकुडत हिवाळा काढतात, असं मी सांगितलं. पुस्तकात 'कुडकुडत' नव्हतं, ते माझं. तास संपवून बाहेर आले तर एक उंच, वाळलेला माणूस रंधा खाली ठेवून, सदऱ्यावरचा भुसा झटकून समोर उभा राहिला. टाचा जुळलेल्या, पाठ ताठ.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "बर्फाच्या घरात कुनी कुडकुडत न्हाई. मी झोपलोय तिथं."

मी बेलापूरची. आमच्याकडे कालव्याचं पाणी, ऊस, आणि बर्फ म्हणजे कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून येणारी लादी. कर्जतला येऊन मला दोनच महिने झाले होते. पावसाची वाट बघत बसलेल्या या गावात बर्फाच्या घरात झोपलेला माणूस भेटेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्यांनी तिथेच उकिडवं बसून भुशाच्या ढिगात बोटांनी घर करून दाखवलं. दार खाली, झोपायचा ओटा वर. गार हवा जड, ती दाराशी बसते. अंगाची ऊब वर साठते. वाऱ्याने दाबून घट्ट झालेला बर्फ करवतीने विटांसारखा कापायचा. बुटाखाली करकरला तर कापायला तयार, भुसभुसला तर नाही. छताला मुठीएवढं भोक ठेवायचं, नाहीतर माणसं सकाळी उठत नाहीत. पाच जण दाटीने झोपले आणि एक मेणबत्ती लावली की अंगातला कोट काढावा लागे, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चूक कबूल केली आणि तो तास त्यांच्या हवाली केला.

काशिनाथ साळवे फौजेच्या बांधकाम तुकडीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गावातल्या बौद्धवस्तीत त्यांचं घर. शाळेत ते कार्यानुभव शिकवत, निदान कागदावर तेवढंच. एरवी बाकं, दारं, पत्रे, हापसा, सगळं त्यांच्याकडे. नेमणूक तात्पुरती, दर जूनला नवी. सारं गाव त्यांना हवालदार म्हणे, त्यांच्या बायको शेवंताबाईसुद्धा. "आमचं हवालदार ताटावर बसलं तरी आदी खरकटं कुठं जानार ते बघत्यात," असं त्या मला हसत सांगायच्या.

त्यात अतिशयोक्ती फार नव्हती. फुटक्या लाउडस्पीकरमधला लोहचुंबक सुतळीला बांधून त्यांनी जवळ ठेवला होता. काम संपलं की तो जमिनीवरून ओढत फिरायचे आणि चिकटलेले खिळे डब्यात टाकायचे. वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे. आणि कुणीही काही बांधायचं म्हटलं, मग ती खोली असो, गोठा असो की लग्नाचा मांडव, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "उतरवायचं कसं?" नव्या घराच्या पाया-पूजेला बोलावलेल्या माणसाने हे विचारावं, हे काही लोकांना आवडत नसे. ते परत बोलावत नसत. हवालदारांना त्याचं काही वाटत नसे.

वस्तीतलं विहार बांधायचं ठरलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. तरुण मुलं संतापली. आपल्या लोकांनी इतक्या वर्षांनी हक्काची वास्तू उभी करायची आणि हा म्हातारा आधीच उतरवायच्या गोष्टी करतो, असं त्यांचं म्हणणं. हवालदारांनी वाद घातला नाही. छताच्या सांगाड्याला वेल्डिंग करायचं नाही, सगळं नट-बोल्टवर घ्यायचं आणि दगड मातीत बसवायचे, एवढाच हट्ट त्यांनी धरला. दोन वर्षांनी रस्ता रुंद करायला ती जागा गेली आणि थोडी मागे दुसरी मिळाली. चार दिवसांत विहार उतरलं आणि महिनाभरात पुन्हा उभं राहिलं. एक पत्रा वाया गेला नाही, एक दगड फुटला नाही. संतापलेल्या मुलांनीच ते बोल्ट मोजून पिशव्यांत भरले होते. मी हवालदारांना म्हटलं की तुमचंच खरं झालं. ते म्हणाले, रस्ता येणार हे त्यांना काही ठाऊक नव्हतं. कधी ना कधी काहीतरी येतं, एवढंच ठाऊक होतं.

हा प्रश्न त्यांच्या मनात कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शाळेच्या मागच्या पायरीवर आम्ही चहा घेत होतो.

लडाखमध्ये एका हिवाळ्यात त्यांच्या तुकडीचा मोठा तंबू वाऱ्याने फाटला. शंभरेक जवानांना एकत्र बसायला, जेवायला जागा उरली नाही. मग त्यांनी गोठलेल्या नाल्यातला बर्फ कापून भिंती उभ्या केल्या, वर पॅराशूटचं कापड ताणलं आणि दिवाणखान्यासारखी लांबलचक खोली केली. तिथे जेवणं झाली, गाणी झाली. अधिकाऱ्यांनी हवालदारांची, म्हणजे तेव्हाच्या शिपाई साळव्यांची पाठ थोपटली. ऊब यावी म्हणून आत रॉकेलच्या शेगड्या, तिकडे त्यांना बुखारी म्हणतात, रात्रंदिवस धडधडत होत्या.

उन्हाळा लागला आणि भिंती वितळून नाल्यात गेल्या. मागे राहिले पत्र्याचे डबे, तारा, खिळे, कापडाच्या चिंध्या आणि रॉकेल मुरलेली काळी जमीन. खालच्या गावातली एक म्हातारी पाण्याची घागर पाठीवर घेऊन चढून वर आली. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला. तिने घागर शिपाई साळव्यांच्या नाकाशी धरली. पाण्याला रॉकेलचा वास येत होता. घागर तिथेच ओतून रिकामी केली आणि उतरून गेली.

"बर्फाची काय चूक न्हवती, बाई," हवालदार म्हणाले. "बर्फ आला तसा गेला. आमी राह्यलो मागं."

मग त्यांनी सुट्टीचे बारा दिवस तिथेच काढून ती जागा एकट्याने साफ केली होती. काळी माती खणून पोत्यांत भरली आणि परतीच्या गाडीने खाली धाडली. हे त्यांनी असं सांगितलं की जणू कुणी दुसऱ्यानेच केलं होतं. कप विसळून ते कामाला गेले.

त्यांची खरी परीक्षा शाळेच्या रौप्यमहोत्सवात लागली. त्या वर्षी पाऊस फिरकलाच नव्हता. डिसेंबरातच वस्त्यांवर टँकर सुरू झाले होते, तेही दोन दिवसांआड. स्नेहसंमेलन जानेवारीत होतं. आमच्या शाळेला एक मोठे देणगीदार लाभले होते, ट्रॅक्टरचा व्यापार करणारे. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मनाने उमदा माणूस. प्रयोगशाळेची खोली बांधून देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि आमची मुलं तोवर परीक्षानळी फक्त चित्रात बघत होती. भाऊसाहेबांनी पुण्यात एका लग्नात बर्फाचा हंस पाहिला होता. त्यावरून त्यांच्या डोक्यात आलं की संमेलनाला बर्फाचा महालच उभारायचा. नगरहून ट्रक भरून लाद्या आणायच्या, कमान करायची, आत पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन. बांधायला आपले हवालदार आहेतच.

मुख्याध्यापकांच्या खोलीत ही बैठक झाली तेव्हा मी हजर होते. हवालदारांनी नकार दिला नाही. बर्फाचं घर बांधता येतं, पण आधी एक लादी मागवून द्या, एवढंच म्हणाले.

लादी आली. त्यांनी ती पटांगणात मोठ्या घमेल्यांवर फळ्या टाकून उभी केली. दिवसभर मुलं तिच्याभोवती होती. दुपारची सुट्टी झाली तेव्हा ती निम्मी उरली होती, आणि शाळा सुटताना फळ्या नुसत्या ओल्या होत्या. भाऊसाहेब संध्याकाळी आले तेव्हा हवालदार घमेल्यांतलं पाणी हंड्यांत भरून ओळीने ठेवत होते. नऊ हंडे भरले. थोडं सांडलं होतं.

"ही एक लादी, साहेब," ते म्हणाले. "तिकडं बर्फ असतोच. आपुन त्येला निसता घराचा आकार देतो, सीझन सरला की त्यो आपल्या वाटंनं जातो. हितं आदी पानी उपसायचं, इजंवर त्येचा बर्फ करायचा, ट्रकनं आनायचा आन् पोरांम्होरं त्येचा चिखल करायचा. त्या पोरांच्या आया आत्ता टँकरची वाट बघत हुब्या हायती."

भाऊसाहेब हंड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले की पाहुण्यांना, गावाला, सगळ्यांना सांगून झालंय. आता बर्फ नाही म्हणालो तर माझं हसं होईल.

"बर्फ देतो की," हवालदार म्हणाले. "पन कर्जतचा."

कर्जतचा बर्फ म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी समजावलं. त्यांच्या तुकडीत गंगेकाठचा एक जवान होता. त्याच्या आजोबांच्या काळी, विजेचे कारखाने नव्हते तेव्हा, तिकडे थंडीत मोकळ्या रानात बर्फ धरत. उथळ खड्डा काढायचा, त्यात कोरडं गवत जाड अंथरायचं म्हणजे जमिनीची ऊब वर येत नाही, आणि गवतावर मातीचे पसरट परळ मांडून त्यांत बोटाच्या पेराएवढं पाणी ओतायचं. आभाळ निरभ्र हवं, हवा कोरडी हवी, वारा पडलेला हवा. पाणी आपली ऊब आभाळाला देऊन टाकतं आणि पहाटे वर काचेसारखा पापुद्रा धरतो.

मुख्याध्यापकांचा जीव टांगणीला लागला. देणगी जाईल याची त्यांना धास्ती होती, आणि हवालदारांची जूनची नेमणूक आपल्या हातून जाईल याचंही वाईट वाटत होतं. त्यांनी मला समजूत घालायला पाठवलं. मी गेले तर हवालदार अंगणात बसून आभाळ बघत होते. मी विचारलं, तुम्ही हे स्वतः कधी केलंय का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. नुसतं ऐकलं होतं. शेवंताबाई आतून म्हणाल्या, "आता बाईस्नी खरं सांगितलंत. आदी साहेबास्नी सांगायचं हुतं." हवालदार पहिल्यांदाच मला थोडे घाबरलेले दिसले. पण समजूत घालायचा मुद्दा मी काढलाच नाही. गवत कुठून आणायचं, एवढंच विचारलं.

कडबा घ्यायला ते तयार नव्हते. दुष्काळात तो गुरांच्या तोंडचा. आमच्या बेलापूरला उसाचं पाचट शेतातच जाळून टाकतात, ते मी सुचवलं. टेम्पो मुद्दाम पाठवायचा नाही, इकडे रिकामा येणारा असेल तर त्यात टाकायचं, अशी त्यांची अट. माझ्या भावाने तसा टेम्पो शोधला. कुंभारवाड्यातून दीडशे परळ आणले, परत करायच्या बोलीवर.

पहिल्या खेपेला ढग आले आणि परळांत नुसतं गार पाणी मिळालं. दुसऱ्या खेपेला वारा सुटला. गावात थट्टा सुरू झाली. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना कर्जतचा बर्फ मागू लागले. हवालदारांनी खड्डा हातभर आणखी खोल केला आणि वाऱ्याच्या अंगाला मातीचा बांध घातला. तिसऱ्या खेपेला काठाशी नखाएवढा पापुद्रा दिसला. तो त्यांनी बोटावर घेऊन मुख्याध्यापकांच्या घरी दाखवायला नेला. पोचेपर्यंत बोट ओलं होतं.

संमेलनाच्या दिवशी मी तांबडं फुटायच्या आत शाळेत पोचले. अशी थंडी मी कर्जतला पुन्हा कधी अनुभवली नाही. मोठ्या वर्गातली मुलं कांबळी पांघरून खड्ड्याभोवती गप्प उभी होती. हवालदार काठावर गुडघे टेकून बसले, वाकून एका परळावर बोटाने टिचकी मारली. टक् असा आवाज आला. त्यांनी दुसऱ्यावर मारली, तिसऱ्यावर मारली. मग मागे वळून आमच्याकडे बघितलं.

त्यानंतर कुणाला बोलायला वेळच नव्हता. मुलांनी परळांतल्या चकत्या काढायच्या, हवालदारांनी त्या विटांच्या लाकडी साच्यात दाबायच्या; दाबलं की तुकडे एकमेकांना धरून घट्ट होत. इमारतीच्या सावलीत, कडुनिंबाखाली ते वीट वीट लावत गेले. हात बधिर झाले की मुलं काखेत घालून पुन्हा कामाला लागत. सूर्य वर आला तेव्हा माझ्या गुडघ्याएवढं, घुमटासारखं, खाली दार आणि वर भोक असलेलं एक घर तिथे उभं होतं. आत त्यांनी पणती लावली. सगळं घर आतून पिवळं उजळलं.

बघायला अख्खं गाव लोटलं. वस्तीतल्या, माळवाडीच्या, पेठेतल्या बायका रांगेने येऊन घराला हात लावत होत्या आणि हात गालाला लावून बघत होत्या. भाऊसाहेब आले, वहाणा काढून खाली बसले आणि दारातून हात आत घातला.

"आत ऊब आहे," ते हळूच म्हणाले.

"आसतीच," हवालदार म्हणाले.

प्रमुख पाहुण्यांना यायला दोन तास उशीर झाला. ते पोचले तेव्हा घराचा परातीएवढा ढीग उरला होता. पण भाऊसाहेबांनी त्या ढिगापाशी उभं राहून त्यांना पाऊण तास सगळं सांगितलं: पाचट, परळ, आभाळाला दिलेली ऊब, सगळं. आपणच केल्यासारखं सांगत होते, आणि हवालदार मागे उभे राहून मान डोलवत होते. वितळलेलं पाणी घमेल्यात धरलं होतं, ते मुलांनी रोपांना घातलं. दुसऱ्या दिवशी परळ धुऊन कुंभारवाड्यात गेले, पाचट खताच्या खड्ड्यात गेलं, आणि बर्फाचा खड्डा बुजवून हवालदारांनी त्यावरून लोहचुंबक फिरवला. खरं तर तिथे खिळा असायचं काही कारण नव्हतं.

प्रयोगशाळेची खोली झाली. हवालदारांनीच बांधायची, अशी भाऊसाहेबांनी उलट अट घातली. दगड मातीत, छप्पर बोल्टवर. बांधकाम सुरू करताना भाऊसाहेबांनी विचारलं, "हवालदार, उतरवायचं कसं ते ठरलं ना?" हवालदार एवढे खुश मी कधी पाहिले नव्हते.

पुढे माझी बदली झाली. हवालदारही वयाने थकले आणि मुलीकडे खर्ड्याला राहायला गेले. तीनेक वर्षांनी माझ्या शाळेची सहल खर्ड्याचा किल्ला बघायला निघाली, तेव्हा मी मुद्दाम एक दिवस आधी एकटीच पोचले. ते मुलीच्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती पसरत होते. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि शेवंताबाई खालून कुठे खळगा राहिलाय ते दाखवत होत्या. मला बघून घाईने शिडी उतरले. शेवंताबाईंनी पिठलं-भाकरी केली. जेवताना हवालदारांनी कर्जतच्या एकेका मुलाची चौकशी केली, कोण कुठे लागलं ते विचारलं. दोन जण बांधकामाचं शिकताहेत म्हटल्यावर पुन्हा नावं सांगायला लावली.

दुसऱ्या दिवशी किल्ला बघून मुलं बाकीच्या शिक्षकांबरोबर परत रवाना झाल्यावर मी दुपारच्या एसटीने नगरला निघाले. दोघंही थांब्यावर पोचवायला आले. गाडी लागली, मी चढून डावीकडच्या बाकावर बसले. हवालदार खिडकीखाली आले. त्यांनी कपाळावर हात धरून सूर्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि बोटाने हवेत वळणं काढल्यासारखं केलं.

"बाई, तिकडं बसा," ते म्हणाले. "उजव्या अंगाला."

मी उठून उजवीकडे गेले. गाडी सुटली. मागच्या काचेतून दिसलं, ते अजून टाचा जुळवून उभे होते आणि शेवंताबाई त्यांच्या सदऱ्यावरची पांढरी माती झटकत होत्या. फाट्यापाशी गाडी वळली आणि ऊन सरळ माझ्या तोंडावर आलं. जागा बदलावी म्हणून मी पिशवी उचलली, पण म्हटलं थोडं थांबावं. रस्त्याने आणखी एक वळण घेतलं. ऊन पलीकडच्या बाकावर गेलं, आणि नगर येईपर्यंत माझ्या बाजूला सावलीच होती.